विश्लेषण : नाळेचा तुकडा लॅबला, बाळ सरकारच्या ताब्यात! अमेरिकेतल्या नवजात बाळांच्या ‘ड्रग टेस्ट’चा वाद नेमका काय?

अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांत बाळ जन्मलं की त्याच्या नाळेचा साधारण सहा इंचाचा तुकडा कापून लॅबला पाठवला जातो. काही ठिकाणी बाळाची पहिली काळी शी डबीत भरून पाठवतात. आईनं गरोदरपणात अफूजन्य औषधं, गांजा, कोकेन, मेथ किंवा तसलं काही घेतलं होतं का, हे त्यातून शोधायचं असतं. रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की बालसंरक्षण खात्याला कळवलं जातं. काही प्रकरणांत तिथून पुढं बाळ आईबरोबर घरी जाणार की नाही, हे डॉक्टर नाही तर खातं ठरवतं.

हा वाद गेल्या दोन-तीन वर्षांत तिथं चांगलाच तापलाय. बाळंतिणींना न सांगता त्यांची चाचणी केली, असा आरोप ठेवून न्यू जर्सी राज्याच्या अॅटर्नी जनरलनी २०२४ मध्ये एका रुग्णालय समूहाला कोर्टात खेचलं. त्याच वर्षी बोस्टनच्या ‘मास जनरल ब्रिगहॅम’ या मोठ्या रुग्णालय समूहानं आपला जुना नियमच बदलला.

सातासमुद्रापारच्या भांडणाशी आपल्या तालुक्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे या चाचण्यांत ज्या पदार्थानं सगळ्यात जास्त घोळ घातला, तो आपल्या अनारशावर आणि डिंकाच्या लाडवात असतो. खसखस! आणि दुसरं म्हणजे लॅबच्या कागदावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न माती परीक्षणापासून रक्त तपासणीपर्यंत आपल्यालाही रोजच पडतो.

काय तपासतात?

बाळाचे नमुने प्रामुख्यानं चार प्रकारचे. लघवी, पहिली शी, नाळ आणि केस.

लघवीतून फक्त शेवटच्या दोन-तीन दिवसांचं कळतं. शिवाय नुकत्याच जन्मलेल्या बाळाची लघवी गोळा करणं किती अवघड, हे घरातली कुठलीही आजी सांगेल.

पहिली काळी शी, डॉक्टर तिला मेकोनियम म्हणतात, ती पोटात असतानाच बाळाच्या आतड्यात साठत जाते. त्यामुळं तिच्यात गरोदरपणाच्या शेवटच्या चार-पाच महिन्यांचा हिशोब सापडतो. पण ती यायला कधी दोन-तीन दिवस लागतात. काही बाळं तर पोटातच शी करतात, मग नमुना हातचा जातो.

नाळेचं तसं नाही. बाळ जन्मलं की नाळ हाताशीच असते. म्हणून अलीकडं बऱ्याच दवाखान्यांनी नाळेची चाचणी धरली. आपल्याकडं ज्या गावात नाळ पुरली, त्या गावाशी माणसाचं नातं जन्मभर सांगतात. तिथं ती कुरिअरनं लॅबला जाते.

दोन पायऱ्यांची चाचणी

सगळा वाद समजून घ्यायचा तर एकच गोष्ट नीट कळायला हवी. ही चाचणी दोन पायऱ्यांची असते.

पहिली पायरी झटपट आणि स्वस्त. तिला इम्युनोअसे म्हणतात. ती पदार्थाचा ‘चेहरा’ साधारण ओळखते. म्हणजे अंधारात लांबून कुणी येताना दिसलं आणि चालीवरून ‘हा आपला पाटलांचा पोरगा’ म्हणावं, तसं. बऱ्याचदा बरोबर निघतं. पण चाल सारखी असलेला दुसराही कुणी असू शकतो.

दुसरी पायरी महाग आणि वेळ खाणारी. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या यंत्रावर पदार्थाचं वजन आणि त्याचे तुकडे मोजून तो नेमका कोणता, हे ठरतं. इथं माणूस जवळ आला, बॅटरी मारली, चेहरा बघितला.

द्राक्षवाल्यांना ही यंत्रं नवी नाहीत. युरोपला माल पाठवण्याआधी रेसिड्यूची तपासणी अशाच यंत्रांवर होते. आदिवासी तालुक्यांत सिकलसेलची तपासणीही दोन पायऱ्यांनीच करतात. गावात सोल्युबिलिटी चाचणी होते, तिच्यात शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करूनच रुग्ण की वाहक ते ठरतं. पहिल्या चाचणीवर कुणी कुणाला ‘सिकलसेलचा पेशंट’ म्हणत नाही, म्हणूही नये.

अमेरिकेत गोची इथंच झाली. पहिल्या पायरीच्या कागदावर ‘ही पक्की चाचणी नाही, खात्री करून घ्या’ असं लिहिलेलं असतं. पण प्रत्यक्षात अनेकदा दुसरी चाचणी व्हायच्या आतच फोन गेलेला असतो.

खसखशीनं केलेला घोळ

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बियांत स्वतःची नशा नसते, पण बोंडाचा चीक त्यांना लागलेला असतो. त्या चिकात मॉर्फिन आणि कोडीन. खसखस खाल्ली तर नशा चढत नाही, पण लघवीत मॉर्फिनचा अंश सापडू शकतो. यात यंत्राची चूक नसते, यंत्राला मॉर्फिन खरंच दिसतं. ते हेरॉइनमुळं आलं की पावावरच्या खसखशीमुळं, हे मात्र साधी चाचणी सांगू शकत नाही.

अमेरिकन सरकारला हे चांगलं ठाऊक होतं. सरकारी नोकरांच्या चाचणीत अफूजन्य पदार्थांची मर्यादा आधी एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. खसखस खाणारी साधी माणसं त्यात अडकायला लागली, म्हणून १९९८ मध्ये ती मर्यादा २,००० नॅनोग्रॅम केली. पण हा नियम नोकरदारांच्या चाचणीचा. दवाखान्यांवर तो बंधनकारक नव्हता. त्यामुळं कित्येक दवाखाने बाळंतिणीला जुन्याच, नाहीतर त्याहून कडक मर्यादेवर तपासत राहिले. म्हणजे एकाच खसखशीवर ट्रक ड्रायव्हर पास आणि बाळंतीण नापास!

पेनसिल्व्हेनियातल्या लॉरेन्स काउंटीत २०१० मध्ये हेच घडलं. एका बाईनं बाळंतपणाच्या आधी खसखस लावलेला बेगल, म्हणजे गोल पाव, खाल्ला होता. चाचणी पॉझिटिव्ह आली. तीन दिवसांचं बाळ खात्यानं नेलं आणि पाच दिवसांनी परत केलं. तिनं दावा लावला. २०१३ मध्ये दवाखाना आणि काउंटीनं मिळून १ लाख ४३ हजार ५०० डॉलर देऊन तो मिटवला. पैसे मिळाले, पण पहिल्या आठवड्यातले ते पाच दिवस काही मिळाले नाहीत.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं तर आपल्या सैनिकांना खसखस खाऊ नका, अशी लेखी सूचनाच काढली. काही खसखशीत कोडीन जास्त निघतं आणि चाचणीत घोळ होतो, हे त्याचं कारण. सैनिकाला आधी सावध केलं. गरोदर बाईला मात्र बऱ्याच ठिकाणी हे कुणी सांगितलंच नाही.

आणि एकट्या खसखशीचा हा खेळ नाही. बीपी वाढलेल्या गरोदर बाईला लॅबेटालॉल नावाची गोळी देतात, आपल्याकडंही देतात. पहिल्या पायरीच्या चाचणीत ती कधी कधी मेथसारखी दिसते. कळा सुरू असताना दवाखान्यानंच दिलेलं फेंटानिल बाळाच्या नमुन्यात उतरू शकतं. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी तर बाळाला आंघोळ घालायचे काही साबणच तपासले. स्वच्छ लघवीत त्यांचा किंचित अंश मिसळला, तरी काही चाचण्यांत गांजा दाखवला गेला. बाळाला अंगाला साबण लावला आणि कागदावर आई गंजेडी ठरली!

टोरंटोचा धडा

चुकीच्या चाचणीची किंमत किती मोठी असू शकते, हे कॅनडानं बघितलंय. टोरंटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’ या नावाजलेल्या दवाखान्यात ‘मदरिस्क’ नावाची लॅब होती. आईबापांचे आणि लेकरांचे केस तपासून कुणी काय नशा केली, पोटातल्या बाळापर्यंत ती गेली का, हे ती सांगायची. कोर्टात तिचा कागद म्हणजे शेवटचा शब्द.

२०१४ मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टात एका प्रकरणात या चाचणीवर प्रश्न उभा राहिला. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती सुझन लँग यांना चौकशीला बसवलं. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांचा अहवाल आला. बालसंरक्षण आणि फौजदारी खटल्यांत वापरायला ही केसांची चाचणी अपुरी आणि बेभरवशाची होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लॅब २०१० पर्यंत पहिल्या पायरीवरच थांबत होती, दुसऱ्या पायरीची खात्री करतच नव्हती. कोर्टाच्या कामाला लागतं तसं प्रमाणपत्रही तिच्याकडं नव्हतं. २००५ ते २०१५ या काळात बालसंरक्षणासाठी तिनं १६ हजारांहून जास्त लोकांचे केस तपासले होते.

मग न्यायाधीश ज्युडिथ बीमन यांच्या आयोगानं एकेक प्रकरण उघडलं. २०१८ च्या अहवालात त्यांनी १,२७१ प्रकरणं तपासल्याचं नोंदवलंय. त्यातल्या ५६ प्रकरणांत निकालावर या चाचणीचा मोठा परिणाम झाला होता. आणि लेकरं परत घरी आली ती फक्त ४ प्रकरणांत. बाकीची दत्तक गेलेली, दुसऱ्यांना आई-बाबा म्हणायला शिकलेली. कायद्यानं ती गाठ सोडवता येत नव्हती, आणि सोडवावी का, हाही प्रश्नच होता.

मातीचा रिपोर्ट चुकला तर एक हंगाम जातो, पुढच्या वर्षी सावरता येतं. इथं तसं नव्हतं.

तपासणी कुणाची होते?

दुसरा मुद्दा त्याहून अवघड. चाचणी कुणाची करायची, हे अनेक दवाखान्यांत ठरलेलं नसतं. डॉक्टर-नर्सला ‘संशय’ आला तर करतात. आणि संशय कुणावर येतो?

१९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये फ्लोरिडाच्या पिनेलस काउंटीचा अभ्यास छापून आला. तिथल्या गरोदर बायांची लघवी तपासली तर गोऱ्या १५.४ टक्के आणि काळ्या १४.१ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. जवळपास सारखंच. पण सरकारकडं तक्रार गेली ती काळ्या बायांची, गोऱ्यांच्या सुमारे दहापट.

साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात तर १९८९ पासून सरकारी मेडिकल विद्यापीठाचा दवाखाना आणि पोलीस यांनी मिळून योजनाच चालवली. गरोदर बायांची लघवी तपासायची आणि कोकेन सापडलं तर रिपोर्ट पोलिसांना द्यायचा. अटक झालेल्या ३० बायांपैकी २९ काळ्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ मार्च २००१ ला सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. पोलिसांना पुरावा देण्यासाठी पेशंटच्या संमतीशिवाय अशी चाचणी करणं म्हणजे घटनेविरुद्ध झडती, असं न्यायालय म्हणालं.

कॅनडाच्या मदरिस्क प्रकरणातही तिथल्या मूळनिवासी कुटुंबांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त निघालं. गरीब, परकी, कमी शिकलेली दिसली की डबी पुढं येते. सरकारी दवाखान्यात आवाज कुणावर चढतो आणि कुणाला खुर्ची मिळते, हे बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही.

डॉक्टरांचीही बाजू आहे

मग ही चाचणी नकोच का? तसंही नाही.

आईनं अफूजन्य पदार्थ घेतले असतील तर जन्मल्यावर बाळाचा पुरवठा एकदम तुटतो. बाळ थरथरतं, कर्कश रडतं, दूध ओढत नाही, झोपत नाही. हे दुखणं खरं आहे. अमेरिकेत अफूजन्य गोळ्यांची साथ जोरात असताना अशी हजारो बाळं जन्मली. समोरचं बाळ कशामुळं तडफडतंय, हे डॉक्टरला कळलंच पाहिजे. त्याशिवाय उपचार कसा ठरणार?

तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्यानुसार नशेचा परिणाम झालेलं बाळ जन्मलं तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवायची व्यवस्था राज्यांना ठेवावी लागते. २०१६ मध्ये त्यात सुधारणा झाली. बाळ आणि आई दोघांच्या सांभाळाची, उपचाराची योजना करा, हा त्याचा हेतू. घराघरांत खरोखर हाल होणारी लेकरं असतातच, त्यांच्याकडं डोळेझाक करा असं कुणी म्हणत नाही.

पण पॉझिटिव्ह कागद काय सांगतो? तो पदार्थ शरीरात आला होता, एवढंच. बाईला व्यसन आहे का, ती बाळाला नीट सांभाळेल का, हे त्यात लिहिलेलं नसतं. व्यसन सोडायला डॉक्टरच्या सल्ल्यानं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या बायांनाही या कागदानं खात्यासमोर उभं केलंय. म्हणजे सुधारायला निघालेलीलाच आधी दणका.

शिवाय त्या बाळांवरचा उपचार काय, हेही बघा. अमेरिकेतल्या २६ दवाखान्यांत झालेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ खातंय का, झोपतंय का, कुशीत घेतल्यावर शांत होतंय का, एवढं बघत सांभाळलं, शांत खोली, आईची कूस, अंगावरचं दूध यांवर भर दिला आणि औषध गरजेपुरतंच दिलं, तर बाळ सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगं झालं. जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागत होते. म्हणजे आईची कूस हाच उपचाराचा मोठा भाग. आणि कच्च्या कागदावर पहिल्यांदा तीच तुटते.

भीतीचा दुसरा तोटा टेनेसी राज्यानं बघितला. तिथं २०१४ मध्ये गरोदरपणात नशा करणाऱ्या बाईवर गुन्हा नोंदवायचा कायदा आला. बाया दवाखान्याच्या तपासण्या टाळायला लागल्याच्या तक्रारी वाढल्या. २०१६ मध्ये मुदत संपल्यावर तो कायदा पुढं चालू ठेवला नाही.

म्हणून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका अशी, की प्रत्येक गरोदर बाईला नशेबद्दल तोंडी, ठरलेले प्रश्न विचारा. चाचणी करायचीच तर तिला सांगून, तिची संमती घेऊन करा. मास जनरल ब्रिगहॅमनं २०२४ मध्ये लेखी संमतीची अट घातली, आणि नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून खात्याला कळवायचं बंद केलं. छळ किंवा हेळसांड यांचा खरा संशय असेल तरच कळवायचं.

आपण यातून काय घ्यायचं?

ज्यांची लेक-सून अमेरिकेत बाळंत व्हायची आहे, त्यांनी खसखशीची गोष्ट मनावर घ्यावी. सातव्या-आठव्या महिन्यानंतर अनारसे, खसखशीची खीर, खसखस घातलेले लाडू तिकडं पाठवायचे टाळलेले बरे. डिंक, अळीव, खारीक-खोबरं चालतं. वाटणात खसखस घालायची सवय असेल तर तिनं तेही थांबवावं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी तिच्या पर्समध्ये असावी. चाचणीला सही करण्याआधी ‘कशाची’ हे विचारावं, आणि पॉझिटिव्ह म्हटलं तर ‘मास स्पेक्ट्रोमेट्रीनं खात्री करा’ असं स्पष्ट सांगावं. आखातात जाणाऱ्यांनी तर आणखी जपावं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे, मसाल्याच्या डब्यातली पुडीही महागात पडते.

गावात राहणाऱ्यांना ही खसखस सोडायची काही गरज नाही. आपली चिंता वेगळीच आहे, ती म्हणजे मशेरी. मुंबईत १,२१७ गरोदर बायांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मशेरीसारखी न ओढता वापरायची तंबाखू घेणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, आणि बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झालं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम फार असतात.

हे शोधायला नाळ लॅबला पाठवायची गरज नाही. आशाताईनं दारात बसून नीट विचारलं तरी कळतं. पण विचारताना सासूसमोर, चार बायांत, ओरडून विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. मशेरीची डबी पदराआड जाईल आणि पुढच्या तपासणीला ती बाई येणारच नाही.